बल्बचा आकार नीट बघा, मगच मशीनचा ॲडव्हान्स द्या



गेल्या काही महिन्यांत मला एक प्रश्न सारखा येतोय. "सर, घरबसल्या एलईडी बल्ब बनवायचा उद्योग करू का? मशीनवाला म्हणतो, महिन्याला सहज चाळीस हजार सुटतील."

माझं उत्तर सरळ आहे. लगेच करू नका. आधी इलेक्ट्रिकच्या दुकानात जा, काउंटरसमोर अर्धा तास उभे राहा आणि एकच प्रश्न स्वतःला विचारा: हे बल्ब इतक्या वेगवेगळ्या आकारांचे का आहेत? कोणी गोल, कोणी मेणबत्तीसारखा, कोणी लांब नळी, कोणी ड्रमसारखा जाडा. ज्याला याचं उत्तर देता येत नाही, त्याने या धंद्यात एक रुपयाही घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

का, ते सांगतो.

आकार हौसेने ठरलेला नाही

आपला जुना पिवळा बल्ब आठवा. आतली टंगस्टनची तार २५०० अंशांच्या आसपास तापायची. काच तारेपासून सगळीकडून लांब हवी, म्हणून पोट गोल. खालची टोपी आणि होल्डर उष्णतेपासून दूर हवा, म्हणून मान लांब. तो पेरूसारखा आकार असा कामातून आला.

मग ट्यूबलाइट. तिच्यात तार पेटत नाही. नळीतल्या पाऱ्याच्या वाफेतून वीज जाते आणि काचेच्या आतला पांढरा थर उजळतो. जास्त उजेड हवा तर नळी लांब हवी. पुढे लोकांना तोच उजेड साध्या होल्डरमध्ये हवा झाला, तेव्हा कंपन्यांनी ती नळी वळवली, पिळली, आणि सीएफएल आला. तो पीळ शोभेसाठी नव्हता, लांबी कमी जागेत बसवायची होती.

आता एलईडी. त्याची चिप सपाट पट्टीवर बसते आणि उजेड एकाच बाजूला टाकते. खरं तर तिला गोल व्हायची काहीच गरज नाही. तरी एलईडी बल्ब जुन्या बल्बसारखाच दिसतो. कारण तुमच्या-आमच्या घरात आधीपासून २२ मिलिमीटरचा पिन होल्डर आहे आणि त्याच्या मापाची शेड आहे. नवी वस्तू ग्राहकाच्या जुन्या होल्डरमध्ये बसली, म्हणून ती खपली. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, बल्बच काय, मसाल्याच्या धंद्यातही उपयोगी पडेल.

पाकिटावरचा आकडा वाचायला शिका

ए६० म्हणजे नेहमीचा बल्ब, सगळ्यात रुंद भागात ६० मिलिमीटर. टी म्हणजे नळी, जी म्हणजे पूर्ण गोल, पार आणि एमआर म्हणजे मागे आरसा असलेले, उजेड एका दिशेला फेकणारे. काही आकडे इंचाच्या आठव्या भागात मोजतात. टी८ म्हणजे आठ-अष्टमांश, बरोबर १ इंच जाडीची नळी. एमआर१६ म्हणजे २ इंच. एवढं कळलं तरी होलसेलवाला तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो, हा माझा अनुभव आहे.

एका ताईंचा किस्सा

माझ्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या. गटातून कर्ज काढून त्यांनी प्रेसिंग मशीन आणि हजार बल्बचं किट घेतलं. सगळे ९ वॉटचे, ए६०. मशीन विकणाऱ्याने सांगितलं होतं, "सगळ्यात जास्त खप याचाच."

खप याचाच आहे, हे खरं. पण म्हणूनच तिथे पाय ठेवायला जागा नाही. २०१५ साली केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली. कोट्यवधी बल्ब एकत्र खरेदी झाले आणि सुरुवातीला शेकड्यांत असलेला भाव काही वर्षांत खूप खाली आला. ग्राहकाचं भलं झालं, पण या एका आकारात छोट्या माणसाचं मार्जिन संपलं. दुकानदाराने ताईंना नम्रपणे सांगितलं, "ताई, तुमचा बल्ब चांगलाय, पण कंपनीचा मला याच भावात वॉरंटीसकट पडतो."

जे विकले गेले, त्यातले बरेच तीन महिन्यांत परत आले. ताईंना वाटलं, सोल्डरिंगमध्ये आपलं चुकलं. उघडून बघितलं तेव्हा कळलं, किटमधली बॉडी नुसत्या पातळ प्लास्टिकची होती. एलईडी तारेइतका तापत नाही, पण तापतो, आणि त्याला गरमी अजिबात सोसत नाही. ती बाहेर काढायला बॉडीत ॲल्युमिनियम लागतं, पृष्ठभाग लागतो. ४० वॉटचा बल्ब ड्रमएवढा का असतो? त्याचं मुख्य कारण हेच. ताईंना आकाराचं हे कारण आधी माहीत असतं, तर किट हातात घेतल्याबरोबर त्यांनी परत केलं असतं.

आणि एक गोष्ट मशीनवाला शेवटपर्यंत सांगत नाही. आपल्या देशात एलईडी बल्ब बनवून विकायचा तर बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त लॅबमध्ये टेस्टिंग करावं लागतं, त्याचा खर्च वेगळा. "छोट्या लोकांना कोण विचारतं" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. उद्या कोणाच्या घरात शॉर्टसर्किट झालं, तर नाव तुमचं येणार.

मग धंदा कुठे आहे?

माझ्या मते, छोट्या माणसाचा धंदा बल्ब बनवण्यात कमी आणि योग्य बल्ब योग्य जागी पोचवण्यात जास्त आहे.

पोल्ट्रीवाला पिल्लांसाठी पिवळा बल्ब मागतो. त्याला उजेड नको, ऊब हवी. त्याला "वीज वाचते" म्हणून एलईडी दिलात, तर पिल्लं गारठतील. बेकरीच्या ओव्हनमध्ये उष्णता सोसणारा खास दिवा लागतो, तिथे साधा एलईडी टिकणार नाही. शेवंतीवाला शेतकरी रात्री दिवे लावून फुलं लांबवतो, कारण शेवंतीला कळी धरायला मोठी रात्र लागते. त्याला ओल आणि पाऊस सोसणारा दिवा आणि होल्डर हवा. कॅफेवाल्याला काच पारदर्शक आणि आतली तार दिसणारा मोठा गोल हवा. कापड दुकानदाराला साडीचा रंग खरा दाखवणारा स्पॉट हवा.

या प्रत्येकाचा आकार वेगळा, गरज वेगळी, आणि ती गरज समजणारा माणूस तालुक्याच्या गावात शोधून सापडत नाही. तिथे ग्राहक दोन रुपयांसाठी घासाघीस करत नाही, "तुम्हीच सांगा काय लावू" म्हणतो.

त्या ताई आज हेच करतात. मशीन अर्ध्या किमतीत गेलं, कर्ज अजून थोडं बाकी आहे, खोटं सांगणार नाही. पण आता त्या नोंदणी असलेला, बिलाचा माल घेतात, जागा बघतात, वायरमनला सोबत नेतात आणि सल्ल्यासकट माल देतात.

"पण सर, स्वतःचा ब्रँड?" जरूर करा. आधी शंभर ग्राहकांच्या छताकडे मान वर करून बघा. कोणता आकार सारखा मागितला जातो आणि मिळत नाही, ते कळलं की मग नोंदणी, टेस्टिंग, मशीन, सगळ्याचा हिशेब मांडा. मी स्वतः तुमच्यासोबत बसेन.

या आठवड्याचा गृहपाठ

गावातल्या पाच व्यावसायिकांकडे जा. त्यांच्याकडे कोणते दिवे आहेत, कोणता वारंवार जातो आणि त्यांना नेमकं काय हवंय, एवढंच लिहून आणा. खर्च शून्य. ती पाच पानं हातात आल्याशिवाय मशीनवाल्याचा फोन उचलू नका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.