रस्ता चुकण्याची मजा, पण कुणाच्या जिवावर?

सुट्ट्या लागल्या की प्रवासाच्या पोस्टमध्ये एक वाक्य हमखास दिसतं: अनोळखी शहरात रस्ता चुकण्यातच खरी मजा आहे. मला ते पटतं. मात्र ही मजा प्रवाशाच्या हातात नसते, तिथल्या माणसांच्या हातात असते. आणि पालघर-बोईसरमध्ये 'तिथली माणसं' म्हणजे आपणच की!

आधी मजेचं बोलू. सुरत आपल्याला काही परकी नाही. तरी चौटा बाजाराच्या गल्ल्यांत शिरलो की मला अजून दिशा कळत नाही. दोन वर्षांपूर्वी मुद्दामच मोबाइल खिशात ठेवून तासभर हिंडलो. एका कापडाच्या दुकानात स्टेशनचा रस्ता विचारला, तर काकांनी आधी पाणी दिलं. मग म्हणाले, "आधी लोचो खा, स्टेशन कुठे पळून जात नाही." नकाशा बघत गेलो असतो तर गाडी लवकर मिळाली असती, पण ते काका भेटले नसते.

चुकायला आपला भागही काही कमी नाही. 'तारापूर' हे नावच घ्या. किल्ल्याचं गाव एकीकडे, १९६९ साली सुरू झालेलं अणुऊर्जा केंद्र दुसरीकडे आणि तारापूर एमआयडीसी बोईसरला. त्या नावाचं रेल्वे स्टेशन तर नाहीच. केळवे रोडला उतरून समुद्र कुठाय म्हणून विचारणारे पाहुणे आपण सगळ्यांनी बघितलेत. नावात 'रोड' आहे म्हणजे गाव अजून लांब आहे, हे त्यांना रिक्षावाला समजावतो.

पाहुण्यांसाठी ही रविवारची गंमत. पण बिहार-ओडिशाहून आलेला, बोईसरला पहाटे उतरलेला पोरगा, हातातल्या चिठ्ठीवर फक्त प्लॉट नंबर, तो चुकला तर कामाचा पहिलाच दिवस बुडतो. १ ऑगस्ट २०१४ ला आपला जिल्हा झाला, पुढे मुख्यालय कोळगावला बांधलं. मोखाड्याहून दाखल्यासाठी आलेली मावशी ऑफिस शोधत पालघर गावातच फिरत राहिली, तर तिची मजुरी जाते आणि परतीची एसटीही. चुकण्याची मजा घ्यायला मोकळा वेळ लागतो आणि खिशात परतीचे पैसे लागतात.

आणखी एक गोष्ट लागते. अनोळखी माणसाकडे संशयाने न बघणारं गाव. ती नसली की काय होतं, हे आपल्या जिल्ह्याला कुणी सांगायला नको. १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊनचे दिवस. आतल्या रस्त्याने सुरतकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक गडचिंचले इथे जमावाच्या हातून मारले गेले. त्या भागात तेव्हा चोर फिरतायत, मुलं पळवणारे आलेत, अशा अफवा पसरल्या होत्या. नंतर राजकारण भरपूर झालं. त्या तिघांचा जीव मात्र गेला तो गेलाच.

पोरांची काळजी कुणाला नसते? पण काळजी वेगळी आणि फॉरवर्ड वेगळा. 'सावधान, टोळी आली आहे' असा मेसेज आला की तो तिथेच थांबवा. खरंच शंका असेल तर ११२ ला फोन लावा. माणूस थांबवायचाच असेल तर "कुठे जायचंय दादा?" असं विचारून थांबवा.

नगरपरिषद, ग्रामपंचायतींकडे मागणं साधं आहे. स्टेशन आणि एसटी स्टँडबाहेर जिल्हा मुख्यालय, रुग्णालय, एमआयडीसी यांचे ठळक फलक असावेत, अंतरासकट आणि कुठली गाडी जाते त्यासकट. आणि त्या फलकांवर भाऊंच्या वाढदिवसाचे बॅनर लागू नयेत, एवढं भाऊंनीही बघावं.

फलक कितीही लावले तरी माणूस शेवटी चहाच्या टपरीवरच विचारणार. तेव्हा समोरच्याला मराठी येत नाही म्हणून टिंगल नको. मावशीला नुसता हात करून दिशा दाखवू नका, रिक्षापर्यंत सोडा आणि भाडं किती तेही सांगा. आपली दोन मिनिटं जातात, तिचा दिवस वाचतो.

पालघर-बोईसरमध्ये बाहेरची माणसं नेमकी कुठे चुकतात? तुमच्या माहितीतलं ठिकाण खाली लिहा. यादी करू आणि फलकांच्या मागणीसोबत देऊ.