आईने फी भरली, हा गुन्हा?

सज्ञान बाईने स्वेच्छेने देहविक्री करणं आपल्याकडे गुन्हा नाही. मग वाद कशाचा? १९५६ चा ‘पिटा’ कायदा वाचा. दोघींनी सुरक्षिततेसाठी एकाच खोलीत धंदा केला, की तो ‘कुंटणखाना’. मुलगा १८ चा झाला, आईच्या कमाईवर कॉलेज शिकतोय, तर कलम ४ खाली तोही आरोपी होऊ शकतो; शिक्षा दोन वर्षांपर्यंत!

मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलं, छाप्यात स्वेच्छेने काम करणाऱ्यांना अटक नको. पण कलमं तशीच आहेत. म्हणून सांगलीच्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’सारख्या संघटना हे काम गुन्हेगारीतून बाहेर काढा म्हणतात. जबरदस्ती आणि तस्करीला कडक शिक्षा हवीच. पण दलाल आणि पोटचा मुलगा एकाच कलमात कसे बसतात?