छापण्याची किल्ली कोणाकडे? गडचिरोलीचा बांबू आणि युनिक्सचा प्रिंटर

(धागा)

‘लिनक्सवर प्रिंटर चालत नाही’ हे वाक्य कचेऱ्यांपासून महाविद्यालयांच्या संगणककक्षांपर्यंत इतक्यांदा उच्चारले गेले आहे की त्याला आता म्हणीची प्रतिष्ठा लाभली आहे. इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही. युनिक्सची यंत्रे नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राच्या प्रिंटरवर छपाई करू लागली, तेव्हा विंडोज बाजारात आलेलीही नव्हती. खरा प्रश्न प्रिंटर चालतो की नाही हा नसून, तो कोणाच्या परवानगीने चालतो हा आहे.

परवानगीचा हा प्रश्न कुरखेडा, कोरची, धानोरा या पट्ट्याला तरी अपरिचित नसावा. येथील रानांतला बांबू दशकानुदशके बल्लारपूरच्या कागद गिरणीत गेला आणि कागद होऊन कचेऱ्यांच्या टेबलांवर परतला. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले व त्यावरील ग्रामसभांचा हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास सामूहिक वनहक्क मिळालाही. परंतु बांबू रानाबाहेर नेण्यास लागणारे वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याकडेच राहिले. बांबू गावाचा, पावती खात्याची! ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले २७ एप्रिल २०११ रोजी, तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत. मालकी मान्य करून किल्ली मात्र स्वतःकडे ठेवणे, हा डाव ओळखू येण्यासाठी एवढे उदाहरण पुरे आहे.

हाच डाव १९८०च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत खेळला गेला. तेथे झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरच्या प्रणालीत रिचर्ड स्टॉलमन यांनी फेरफार करून ठेवला होता. कागद अडकला की संबंधितांना तसा निरोप जाई. नव्या यंत्राची मूळ संहिताच मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातील ज्या संशोधकाकडे ती होती, त्याने गोपनीयतेच्या करारावर बोट ठेवून नकार दिला. यंत्र प्रयोगशाळेचे, त्याचे वर्तन मात्र कंपनीच्या कुलपात. सप्टेंबर १९८३मध्ये स्टॉलमन यांनी जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पामागे ही चीड होती.

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. पुढच्याच वर्षी बर्कली विद्यापीठाची युनिक्सची ४.२ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यासोबत ‘एलपीडी’ ही छपाईसेवा. तिची रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे. ‘प्रिंटकॅप’ नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत प्रत्येक प्रिंटरची नोंद असे: त्याचे नाव, छपाईची कामे साठवण्याची जागा, आणि प्रिंटर दुसऱ्या यंत्राला जोडलेला असल्यास त्या यंत्राचे नाव व तेथील रांगेचे नाव. एवढ्या चार ओळींवर संपूर्ण विभागाची छपाई चाले. काम रांगेत लागे, यंत्र मोकळे झाले की पुढे जाई. ही पद्धत ऑगस्ट १९९०मध्ये आरएफसी ११७९ या दस्तऐवजात सर्वांसाठी प्रसिद्ध झाली. कोणीही वाचावी, कोणीही राबवावी.

मग म्हण कोठून आली? येथे प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण त्यांचा अनुभव खोटा नाही. नव्वदच्या दशकात स्वस्त प्रिंटरांची एक जात बाजारात आली. पान रचण्याची बुद्धी यंत्रातून काढून विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये ठेवली गेली; यंत्राची किंमत उतरली. अशा यंत्रास युनिक्सने कितीही शुद्ध आज्ञा दिली तरी ते मुके राहणार. दोष लिनक्सच्या माथी मारला गेला. यंत्राची भाषा जाहीर न करणारा उत्पादक मात्र नामानिराळा राहिला.

उत्तरही खुल्या मार्गानेच आले. १९९९मध्ये इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मायकेल स्वीट यांची ‘कप्स’ ही त्यावर उभारलेली छपाईव्यवस्था लोकांसमोर आली. २००२मध्ये ॲपलने तीच आपल्या मॅक ओएसमध्ये घेतली. ज्यांना मॅकवरची छपाई ‘आपोआप’ वाटते, ते वर्षानुवर्षे युनिक्सचीच व्यवस्था वापरत आले आहेत. आयपीपी जाणणारा नेटवर्क प्रिंटर आज लिनक्सला जोडताना ‘एलपीॲडमिन’ या आज्ञेला मुख्यतः तीन गोष्टी सांगाव्या लागतात: रांगेचे नाव, ‘आयपीपी’ने आरंभ होणारा प्रिंटरचा पत्ता, आणि नमुन्याच्या जागी ‘एव्हरीव्हेअर’ हा शब्द. आपण काय छापू शकतो हे प्रिंटर स्वतःच सांगतो. ड्रायव्हरची तबकडी शोधावी लागत नाही.

‘पण मराठी?’ हा आक्षेपही एका काळी रास्त होता. ओळीमागून ओळ ठोकणाऱ्या प्रिंटरच्या पोटात रोमन अक्षरे असत. देवनागरीच्या संकेतांचे तो चिन्हांचे कडबोळे करी. म्हणूनच पुण्याच्या सी-डॅकला जिस्टसारखे वेगळे कार्ड संगणकात बसवावे लागे. २००६मध्ये लिनक्सच्या छपाईजगताने पीडीएफ हे कामांचे प्रमाण रूप मानण्याचे ठरवले. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार मजकुरासोबतच प्रवास करतात; जोडाक्षर आधीच जुळलेले असते. आज छापील पानावर ‘क्ष’ फुटला, तर प्रिंटरला दोष देण्याआधी फॉन्ट आणि मजकूर रचणारी प्रणाली तपासावी.

कुरखेड्याला हा वाद पुस्तकी नाही. रेल्वे दीर्घकाळ वडशाशीच थांबली. बंद प्रिंटरसाठी बाहेरून तंत्रज्ञ बोलवायचा म्हणजे दिवस मोडणे. ज्या यंत्राची किल्ली दूरच्या कंपनीकडे, ते यंत्र अशा गावात सर्वांत महाग पडते, मग खरेदीची किंमत कितीही कमी असो. बंद यंत्रापायी अडतो तो ग्रामसभेचा ठराव, मजुरीची यादी, तेंदूपानाच्या लिलावाची सूचना. भारत सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण नोव्हेंबर २०१०मध्ये स्वीकारले आहे. खुल्या मानकांनी चालणारा कारभार प्रिंटरच्या तारेपाशी येऊन कुलूपबंद होणार असेल, तर ते धोरण कागदावरच राहिले म्हणायचे. प्रिंटरच्या मागणीपत्रात मिनिटाला किती पाने एवढेच न लिहिता ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ची अट घालावी, आणि यंत्र उतरवून घेताना पुरवठादाराने लिनक्सवरून एक मराठी पान छापून दाखवावे, ते निघेपर्यंत देयकावर सही होऊ नये.