राजदंड आणि देव्हारा

पोर्तुगीज राजवटीत उद्ध्वस्त झालेल्या देवळांच्या पुनरुभारणीसाठी गोवा सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात २० कोटी रुपयांची तरतूद केली. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या फेब्रुवारीत, नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या नूतनीकृत मंदिराचे लोकार्पण झाले. शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये ज्या देवळाचा जीर्णोद्धार करविला, त्याचे जतन व्हावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही, आमचेही नाही. तथापि या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. राज्यसंस्थेचा हात एकदा देव्हाऱ्यापर्यंत पोचला की तो नेमका कोठे थांबतो?

या प्रश्नाचे उत्तर गोव्याने साडेचार शतके स्वतःच्या अंगावर सोसले आहे. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली आणि लगेच त्यांच्या जमिनींचे उत्पन्न मिशनरी संस्थांकडे वळविण्यात आले. पुढे हेच लोण बारदेश आणि साष्टीत पोचले. १५६० मध्ये धर्मन्यायपीठ अवतरले व मधला अल्पसा खंड वगळता १८१२ पर्यंत नांदले. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून अंत्रुजात गेली. त्या काळी अंत्रुज विजापूरच्या आदिलशाहीत होते. देवांना आश्रय मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या मुलखात, ही गोष्ट इतिहासाची सोईस्कर पाने तेवढी वाचणाऱ्यांनी विसरू नये.

हा भाग सर्वांस ठाऊक आहे. त्याची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. ज्या सिंहासनाने चर्चसाठी देवळे पाडली, त्याच सिंहासनाने आपले हितसंबंध बदलताच चर्चवरही हात टाकला. पोंबालच्या कारकिर्दीत, १७५९ मध्ये, जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून हद्दपार करण्यात आले व त्यांच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या. १८३५ मध्ये गोव्यातील उरलेल्या धर्मसंघांचीही तीच गत झाली. जुन्या गोव्याच्या टेकडीवर संत ऑगस्टीनच्या भव्य मठाचा एकाकी, अर्धा ढासळलेला मनोरा आज पर्यटक कौतुकाने पाहतात. तो पाडण्यास कोणी परधर्मी आक्रमक आला नव्हता. राजाज्ञेने मठ ओस पडला, १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा खाली आला. राजाश्रयाचा शेवट कसा होतो, हे पाहावयाचे असेल तर त्या मनोऱ्याखाली घटकाभर उभे राहावे.

१९१० च्या ऑक्टोबरात पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि पुढच्याच वर्षी धर्म व राज्य यांची फारकत करणारा कायदा झाला. शतकानुशतके दुय्यम नागरिक म्हणून जगलेल्या गोमंतकीय हिंदूला कायद्याने बरोबरीचे स्थान मिळाले. शाळा, वाचनालये, वृत्तपत्रे यांचा जो बहर त्यानंतर आला, त्याची मुळे या फारकतीत आहेत. हिंदूंसाठी वेगळे राज्य निर्माण झाले म्हणून हे घडले नाही. राज्याने कोणाही एका धर्माचे असण्याचे सोडले म्हणून घडले. गोव्यातील मराठी वाचकाने ही गोष्ट कृतज्ञतेने ध्यानात ठेवावयास हवी.

दुर्दैवाने फारकत टिकली नाही. सालाझारच्या राजवटीत, १९३३ मध्ये, देवस्थानांसाठी नियमन जारी झाले आणि महाजनांच्या कारभारावर सरकारी प्रशासकाची देखरेख कायम झाली. १९४० मध्ये लिस्बन आणि रोम यांच्यात करार झाला. १९४६ च्या हुकूमनाम्याने चर्चमधील विवाह रद्द ठरविण्याचा अधिकार चर्चच्या न्यायपीठाकडे सोपविला. एका धर्माला अंकित केले, दुसऱ्याला भागीदार केले. भागीदारालाही त्याची किंमत मोजावी लागली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, १९६२ मध्ये पोर्तुगीज धर्मप्रमुख गोवा सोडून गेले. परंतु लिस्बनशी असलेल्या जुन्या बांधिलकीमुळे गोव्याला स्वतःचा गोमंतकीय आर्चबिशप मिळण्यास १९७८ साल उजाडावे लागले.

आमच्या राज्यघटनेने या साऱ्या अनुभवातून निघणारा मार्गच स्वीकारला. पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला उपासनेचे स्वातंत्र्य दिले, सव्विसाव्याने धर्मसंप्रदायांना आपला धार्मिक कारभार पाहण्याचा हक्क दिला, आणि विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असे सत्ताविसाव्याने बजाविले. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत आला. १९९४ च्या बोम्मई निकालाने हे तत्त्व घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांपैकी असल्याचा निर्वाळा दिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, चार विरुद्ध तीन मतांनी का होईना, धर्माच्या नावाने मते मागण्यावरील बंधन अधिक व्यापक केले.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. धर्मनिरपेक्षता ही परकी कल्पना असून आपल्या परंपरेत राजा हा धर्माचा रक्षकच मानला आहे, हा पहिला. वस्तुतः रक्षण करणे आणि मालकी सांगणे यांत महदंतर आहे. अंत्रुजातील देवळे उभी राहिली ती महाजनांच्या, गावकऱ्यांच्या आणि भाविकांच्या बळावर. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जो अन्याय राज्यसत्तेने केला, त्याचे परिमार्जनही राज्यसत्तेनेच करावयास नको काय? हा प्रश्न आम्ही हलका लेखीत नाही. उत्खनन करावे, अवशेष जपावेत, पाठ्यपुस्तकांत तो इतिहास न लपविता शिकवावा. हे सरकारचे कर्तव्यच आहे. परंतु ज्याने पाडले तो राजा आज नाही, आणि ज्याच्या करातून हा खर्च व्हावयाचा त्यात साष्टीतला कॅथॉलिक शेतकरीही आहे. त्याला आपण आपल्याच राज्यात पाहुणे ठरलो, असे वाटू लागले तर ते परिमार्जन नव्हे. ती जुन्याच चुकीची पुनरावृत्ती होय.

आणि सरकारचा हात भाविकांनाही मोकळे सोडत नाही. १९३३ चे नियमन आजही लागू आहे. मामलेदार हाच देवस्थानांचा प्रशासक आहे. महाजनांमधला तंटा त्याच्या कचेरीत जातो आणि कचेरीतून तो मंत्र्याच्या दारी पोचण्यास फारसा विलंब लागत नाही. समितीच्या निवडणुकीत पक्ष शिरतो, जत्रेच्या मांडवात फलक झळकतात, आणि देवाच्या पालखीपुढे कोणी चालावे यालाही राजकीय रंग चढतो. उलट बाजूने, निवडणुकीच्या तोंडावर व्यासपीठावरून मतदारांना उपदेश करणाऱ्या कोणाही धर्मगुरूने, मग तो देवळातला असो, चर्चमधला असो वा मशिदीतला, हा सौदा दोन्ही बाजूंनी महाग पडतो, हे ओळखावे.

आमच्या मते मार्ग सरळ आहे. वारसा म्हणून जे जपावयाचे, ते पुरातत्त्वाच्या एकाच निकषाने जपावे. तेथे सप्तकोटेश्वर आणि संत ऑगस्टीनचा मनोरा यांत भेद नसावा. हिशेब चोख राहावेत एवढ्यापुरतीच सरकारची देखरेख सर्व धर्मसंस्थांवर सारखी असावी. पूजा, उत्सव, मानपान आणि नेमणुका यांतून सरकारने आपला पाय काढून घ्यावा. मंत्र्याने देवळात जरूर जावे, पण भाविक म्हणून, रांगेत उभे राहून.

राजदंडाची सावली देव्हाऱ्यावर पडली की समईचा उजेड कमी होतो. कुठ्ठाळीच्या देवानेही ते अनुभवले आहे, आणि ऑगस्टीनच्या मठानेही. ते पुन्हा अनुभवण्याची पाळी पुढच्या पिढीवर येऊ नये, एवढे शहाणपण आपण दाखविणार आहोत काय?