भिंती भाड्याने मिळतील, सोबत नाही!

कचेरीवाचून कचेरीचे काम करणारा एक नवा वर्ग आमच्या शहरांत वाढत आहे. कोणी भाषांतरकार, कोणी चित्रकार, कोणी संगणकाचा जाणकार. मालक परगावी किंवा परदेशी, कामाची जागा घरातला पलंग आणि सहकारी म्हणजे पडद्यावरच्या चौकटी! साहेबाचा धाक नाही, लोकलची गर्दी नाही, म्हणून जग त्याचा हेवा करते. पण समोरासमोर कोणाशी दोन शब्दही न बोलता दिवस मावळतो, तेव्हा या स्वातंत्र्याची किंमत त्याची त्यालाच कळते.

या एकाकीपणावर उतारा म्हणून ‘को-वर्किंग’ची सामायिक कचेरी जन्मास आली. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या संगणक-तज्ज्ञाने तिचा प्रयोग केला. काम स्वतंत्रपणे करावे, पण एकट्याने करू नये, एवढाच त्याचा साधा हेतू. पुढे भांडवलदारांची नजर तिकडे वळली. २०१० साली निघालेल्या ‘वुइवर्क’ कंपनीचे मोल २०१९च्या आरंभी ४७ अब्ज डॉलर्स ठरले. इमारती दीर्घ मुदतीने घ्यायच्या आणि टेबले महिन्याच्या बोलीने द्यायची, असा तिचा व्यवहार. २०२३च्या नोव्हेंबरात तिने दिवाळखोरीचा अर्ज केला! जाहिरातीत ‘समाज’ होता. विक्रीला मात्र खुर्ची होती.

मग खरी सोबत म्हणजे काय? उत्तरासाठी अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी मालकांना रविवारची सुटी मान्य करावी लागली. एका छपराखाली राबणाऱ्या माणसांनी एकमेकांचे दुःख ओळखले, म्हणून हा रविवार उगवला. आज त्याच गिरणगावातल्या काचेच्या इमारतींत लॅपटॉप उघडून बसलेल्या कित्येकांना रविवार उरलेला नाही!

शेजारच्या टेबलावरचा माणूस काय दर घेतो, कोणता मालक बिल थकवतो, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला मिळेल त्या भावाने राबावे लागते. तो आजारी पडला तर रजा नाही, म्हातारा झाला तर भविष्यनिर्वाह निधी नाही. म्हणून सामायिक कचेरीला आम्ही चैन मानीत नाही. पण फुकट कॉफी आणि शुक्रवारचे गाणे-बजावणे म्हणजे सोबत नव्हे. शेजाऱ्याचे अडलेले काम हाती घेणे, बुडव्या मालकाविरुद्ध एकमुखाने उभे राहणे, ही सोबत!

ती भाड्याने मिळत नाही. उभी करावी लागते. १९६०च्या सहकारी संस्थांच्या कायद्याखाली महाराष्ट्राने साखर कारखाने चालविले, घरे बांधली. मग टेबले आणि खुर्च्या का मांडता येऊ नयेत? महानगरपालिकांनी आपली सभागृहे आणि अभ्यासिका यासाठी माफक दरात खुल्या कराव्यात. जागा नगराने द्यावी, कारभार काम करणाऱ्यांनी करावा. लोखंड्यांनी मिळविलेला रविवार असा एकेकट्याने गमावू नका!