चिखलातला ताप

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्यात घराघरांत शिरले, तेव्हा लोकांनी धास्ती घेतली ती मगरींची. आम्हांस अधिक भय वाटते ते उंदरांचे. मगर निदान दिसते; उंदराच्या लघवीतून पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरा हा जंतू दिसत नाही.

उंदराच्या मूत्रपिंडात हा जंतू बिऱ्हाड थाटतो. उंदीर आजारी पडत नाही. मात्र जंतू बाहेर टाकीत राहतो. गुरे, डुकरे, कुत्री यांच्यातही तो आढळतो. ओल्या मातीत तो कित्येक आठवडे तग धरतो. माणसाच्या पायाला भेग असली, किंवा पाण्यात राहून कातडी मऊ पडली, की तो आत शिरतो आणि रक्तावाटे यकृत, मूत्रपिंडे, कधी फुफ्फुसेही गाठतो. साधारण ५ ते १४ दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. पुढे काहींचे डोळे पिवळे पडतात व लघवी कमी होते.

घात होतो तो येथेच. साधी कावीळ समजून लोक झाडपाल्याचे औषध घेत बसतात आणि तोवर मूत्रपिंडे निकामी होतात. पेनिसिलीन किंवा डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळाल्यास रोगी वाचतो. म्हणून ताप येताच दवाखान्यात जावे आणि आपण चिखलात वा पुराच्या पाण्यात काम केले होते, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

सुरत, नवसारी, वलसाड या जिल्ह्यांत १९९० नंतरच्या दशकांत या रोगाने भाताच्या व उसाच्या शेतांतील कितीतरी मजुरांचे बळी घेतले. मजुरांनी जपावे, असा उपदेश करणे सोपे आहे. पण रोजंदारीवरच्या बाईने गमबूट आणावे कोठून? बी-बियाणे व खते यांचा हिशेब मांडताना शेतमालकाने गमबूट व हातमोजेही त्यात धरावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. लावणीच्या चिखलात गमबूट रुततात, हे खरे. तेथे जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी, काम संपताच हातपाय धुण्यास स्वच्छ पाणी व साबण, आणि आरोग्य खात्याने दिल्यास आठवड्याची प्रतिबंधक गोळी, एवढी व्यवस्था मालकाने पाहावी. गोळी मात्र कोणी मनाने घेऊ नये.

बैलाच्या खुराला जखम झाली तर आपण त्याला चिखलात उतरवीत नाही. माणसाच्या पायाचीही तेवढीच काळजी घेऊ या.