गळ आणि नदी

आठवडाभर राजवाड्याजवळच्या दवाखान्यात रुग्ण तपासावेत आणि रविवारी पहाटे बडवाह गाठून नर्मदेत गळ टाकून बसावे, हा माझा तारुण्यापासूनचा छंद. दोऱ्याला हिसका बसेपर्यंत स्वस्थ बसण्याची ही साधना मला माझ्या व्यवसायातही फार उपयोगी पडली.

परंतु छंद आयुष्यभर टिकायचा तर मासाही टिकला पाहिजे. मध्यप्रदेश शासनाने २०११ साली महाशीरला राज्यमासा घोषित केले. तरीही नर्मदेत तो दुर्मिळ होत चालला आहे. त्याला वाहते, प्राणवायूने समृद्ध पाणी आणि विणीसाठी दगडगोट्यांचा तळ लागतो. इंदिरा सागर, ओंकारेश्वर यांसारख्या धरणांच्या संथ जलाशयांत ते कोठून मिळणार? त्यात वाळूचा उपसा आणि ऐन पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत होणारी चोरटी मासेमारी यांची भर!

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, गळाला लागलेला महाशीर ओल्या हातांनी सोडवून तत्काळ पाण्यात सोडावा. कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जंतुसंसर्ग होतो, हे डॉक्टरांना वेगळे सांगावयास नको.

इंदूरच्या नळांना जलूदहून येणारे पाणी याच नर्मदेचे आहे. महाशीर ही नदीची नाडी आहे. ती मंदावली असता आपण वैद्यांनी तरी गप्प बसू नये.